जखमेचा हिशेब पट्टीच्या दरात मांडू नका

जखम कोरडी ठेवा, तिला वारा लागू द्या, खपली धरली की समजा बरी झाली. हा सल्ला आपल्याकडे घराघरांत मिळतो आणि बऱ्याच दवाखान्यांतही मिळतो. तो चुकीचा आहे, आणि चुकीचा आहे हे १९६२ सालापासून माहीत आहे. त्या वर्षी जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापला. डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून त्यातल्या काही त्याने उघड्या ठेवल्या होत्या आणि काही प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याने झाकल्या होत्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेवरही असाच निष्कर्ष निघाला. कारण समजायला अवघड नाही. नव्या पेशी जखमेच्या कडेकडून सरकत येतात. ओल असेल तर त्या पृष्ठभागावरून सरळ सरकतात. खपली धरलेली असेल तर तिच्या खाली, जिथे अजून ओल शिल्लक आहे तिथपर्यंत उतरून त्यांना वाट काढावी लागते, आणि त्यात दिवस जातात.

या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली. तरी तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात ड्रेसिंगचा ट्रे उघडला की दिसतं ते गॉज म्हणजे जाळीदार सुती कापड, कापूस, आयोडीनची बाटली, चिकटपट्टी आणि रोलर बँडेज. ओलावा धरून ठेवणारी हायड्रोजेलची पट्टी मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत मिळते, काही सरकारी बर्न्स वॉर्डांतही दिसते. खेड्यातल्या भाजलेल्या मुलापर्यंत किंवा तळपायाची जखम घेऊन फिरणाऱ्या मधुमेही शेतमजुरापर्यंत ती सहसा पोचत नाही. माझं म्हणणं असं की ही साधी पट्टी सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या नेहमीच्या खरेदीत असली पाहिजे. ती तिथे नसण्याचं मूळ खरेदीच्या हिशेबात आहे. आपण एका पट्टीला किती रुपये पडले ते मोजतो, एक जखम भरायला किती रुपये पडले ते मोजत नाही.

हायड्रोजेल ही फार अनोळखी वस्तू नाही. सब्जा पाण्यात टाकला की दाण्याभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत थर फुगतो तो हायड्रोजेलच असतो. लांबलचक साखळ्यांचे रेणू जागोजागी एकमेकांना बांधलेले आणि त्या जाळीत कोंडलेलं पाणी. वैद्यकात वापरायच्या जेलमध्ये या साखळ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या कृत्रिम पदार्थाच्या असतात, सेल्युलोजपासून केलेल्या असतात, समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या असतात किंवा कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या कायटोसानच्या असतात. वजनातला मोठा वाटा मात्र पाण्याचाच. १९६० साली प्रागमध्ये ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीराशी जुळवून घेणारं असं जेल जगापुढे मांडलं आणि त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला जे सोसतं ते सोललेल्या कातडीलाही सोसतं.

जखमेवर हे जेल एकाच वेळी बरीच कामं करतं. कोरड्या जखमेला पाणी देतं आणि थोडा पाझर असेल तर तो शोषून घेतं. मेलेली कातडी मऊ करतं, म्हणजे शरीरातलीच पाचक द्रव्यं ती सुटी करू शकतात आणि कात्री कमी चालवावी लागते. भाजलेल्या जागी गारवा देतं. पट्टी पारदर्शक असेल तर ती न उघडता आत काय चाललंय ते सिस्टरला दिसतं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते चिकटत नाही.

कोरडं गॉज उघड्या जखमेवर ठेवलं की जखमेतून पाझरणारा रस त्याच्या धाग्यांत शिरतो आणि तिथे वाळतो. दुसऱ्या दिवशी ते गॉज जखमेचाच भाग झालेलं असतं. सिस्टर सलाईन ओतून ते भिजवते, थांबते, कडेने हळूहळू सोडवते. तिच्यामागे वीस जण रांगेत उभे असतील तर थांबायला तिला वेळ नसतो. मग ते ओढून काढलं जातं आणि त्याबरोबर रात्रभरात आलेला नव्या पेशींचा थरही निघून येतो. रक्ताचे बारीक थेंब दिसतात. जखम पुन्हा कालच्या जागी येते. भाजलेल्या लहान मुलाच्या बाबतीत हे रोज किंवा दिवसाआड घडतं. सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की आईच्या कुशीत तोंड लपवणारी मुलं ज्यांनी बर्न्स वॉर्डात पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ही वेदना आपल्या कुठल्याही हिशेबात धरलेली नसते. निविदेत तिचा रकाना नाही आणि वार्षिक अहवालातही नाही. ती आजाराचाच भाग आहे असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग आपण निवडलेल्या कापडातून येतो.

भाजलेल्यांसाठी आपण दुसरी गोष्ट वापरतो ती सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी ते आणलं तेव्हा जंतुसंसर्गाने मरणाऱ्या रुग्णांसाठी ते मोठं वरदान होतं, आणि खोल भाजलेल्या, संसर्गाचा धोका असलेल्या रुग्णाला त्याचा आजही उपयोग आहे. पण उथळ भाजलेल्या जखमेवर, म्हणजे चहा सांडला, आंघोळीचं कढत पाणी पडलं, कुकरची वाफ लागली अशा जखमांवर, ते सरसकट थापलं जातं. ते रोज पुसून पुन्हा लावावं लागतं. त्याचा जखमेवर एक चिकट थर बसतो आणि खाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरलाही नीट कळत नाही. उथळ आणि मध्यम खोलीच्या भाजण्यावरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचा कोक्रेन या, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१३ साली आढावा घेतला. त्यात या मलमाच्या जखमा इतर आधुनिक पट्ट्यांच्या तुलनेत सातत्याने मागे पडलेल्या दिसल्या आणि हायड्रोजेलखालच्या जखमा नेहमीच्या उपचारापेक्षा लवकर भरलेल्या दिसल्या. या चाचण्या लहान होत्या, त्यांची गुणवत्ताही उत्तम नव्हती, हे त्याच आढाव्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कल एकाच दिशेचा आहे. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत मात्र मलम आहे, पट्टी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दर वर्षी १० लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यादीत काय असावं हा प्रश्न म्हणूनच फक्त तज्ज्ञांपुरता राहत नाही.

आता मधुमेहाच्या जखमांवरची एक चाचणी सांगतो, कारण माझ्या मताला सर्वांत मोठा आधार तिचा आहे. १९९७ साली अमेरिकेत बेकाप्लर्मिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये असणारा, पेशींना वाढायला लावणारा एक घटक प्रयोगशाळेत तयार करून तो जेलमध्ये मिसळलेला, आणि किंमत प्रचंड. १९९८ साली छापून आलेल्या एका चाचणीत मधुमेही पायाच्या जखमांचे १७२ रुग्ण तीन गटांत विभागले होते. जखमेची साफसफाई आणि पायावरचा भार कमी करणं सगळ्यांनाच होतं. एका गटाला त्यावर फक्त सलाईनने ओलं केलेलं गॉज, दुसऱ्याला औषध नसलेलं नुसतं सेल्युलोजचं जेल, तिसऱ्याला औषध घातलेलं तेच जेल. पूर्ण भरलेल्या जखमांचं प्रमाण पहिल्या गटात २२ टक्के, दुसऱ्यात ३६ टक्के आणि तिसऱ्यात ४४ टक्के. म्हणजे महागड्या औषधाने जी भर घातली ती ८ टक्क्यांची, आणि ज्याला कुणी औषधही म्हणत नव्हतं, जे तुलनेसाठी ठेवलं होतं, त्या नुसत्या जेलने १४ टक्क्यांचा फरक पाडला. एवढ्या लहान चाचणीवरून धोरण ठरवू नये हे मला मान्य आहे. पण असा आकडा समोर आल्यावर पुढचा प्रश्न काय विचारायला हवा होता? साधं जेल सर्वांना कसं देता येईल, हा. जगभरच्या प्रयोगशाळांनी विचारला तो वेगळाच, जेलमध्ये आणखी काय काय घालता येईल, हा.

गेल्या वीस वर्षांत जखमेच्या जेलवर निघालेल्या शोधनिबंधांत चांदीचे नॅनोकण आहेत, ग्राफीन आहे, करक्युमिन आहे, तुटलं तर आपोआप सांधणारी जेल आहेत, साखर वाढली की औषध सोडणारी जेल आहेत. रसायनशास्त्र म्हणून यातलं बरंच काम सुंदर आहे. आपले विद्यार्थीही त्यात मागे नाहीत. पण या संशोधनाचा मोठा भाग उंदरापाशी येऊन थांबतो, आणि जखमेच्या बाबतीत उंदीर हा फार दिशाभूल करणारा प्राणी आहे. त्याची कातडी सैल असते आणि तिच्या खाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. जखम झाली की तो पडदा आकसतो आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणतो. माणसात हा पडदा जवळजवळ नाही, म्हणून आपल्याला नवी कातडी उगवावी लागते. ‘मधुमेही उंदीर’ही असाच. तरुण, धट्टाकट्टा उंदीर स्वादुपिंडातल्या पेशी मारणारं इंजेक्शन देऊन काही दिवसांत मधुमेही केलेला असतो. आमच्याकडचा रुग्ण साठीचा. पंधरा वर्षांचा मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, तळपाय बधिर, आणि उद्या पुन्हा शेतात उभं राहायचंय. त्या उंदरावर चौदा दिवसांत भरलेली जखम या माणसाबद्दल फार थोडं सांगते. विंटरने डुक्कर निवडलं होतं, कारण त्याची कातडी आपल्यासारखी शरीराला घट्ट चिकटलेली असते.

नव्या शोधाला पदवी मिळते, बढती मिळते, निधी मिळतो. जुना, सिद्ध झालेला पदार्थ स्वस्त करून गावोगाव पोचवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. संशोधकांना दोष देऊन इथे भागणार नाही. बक्षिसाची रचनाच तशी आहे, आणि ती बदलणं हे सरकारचं आणि विद्यापीठांचं काम आहे.

मुंबईने एकेकाळी या बाबतीत वेगळा रस्ता दाखवला होता, आणि त्याची आठवण ठेवायला हवी. १९८०च्या दशकात डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून तिचे निष्कर्ष भाजण्याच्या उपचारांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापले. साली गॉजवर चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि जखमेवर ठेवायच्या. उद्देश तोच, जखम वाळू नये आणि पट्टी चिकटू नये. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली, तीही रीतसर तुलना करून, आणि २००३ साली ते काम प्रसिद्ध झालं. केळीचं पान गुळगुळीत, मेणचट, मोठं, आणि आपल्याकडे बाराही महिने मिळणारं. पट्टी काढताना रुग्णाला जवळजवळ दुखत नाही हे त्यांनी नोंदवलं. त्याच रुग्णालयात त्यांनी २००० साली त्वचापेढीही, म्हणजे दान केलेली त्वचा साठवणारी पेढी, उभी केली. एका हाताने त्वचापेढी आणि दुसऱ्या हाताने केळीचं पान, दोन्ही तितक्याच गांभीर्याने. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने आपल्यासमोरच्या गरीब रुग्णाकडे पाहून विज्ञान कसं करावं याचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही. त्या कामाचा पुढचा टप्पा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांत ते शिकवणं आणि राबवणं, हे एकट्या डॉक्टरचं काम नव्हतं. ते व्यवस्थेने करायला हवं होतं.

आणि जेलचं म्हणाल तर ते आपल्या दारातच तयार झालं आहे. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी १९८०च्या दशकात एक अतिशय हुशारीची पद्धत काढली. पॉलिमर, आगर आणि पाणी यांचं मिश्रण साच्यात ओतायचं, पाकिटात बंद करायचं आणि त्यावर किरणोत्सर्गाचा मारा करायचा. साधारण २५ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) इतक्या मात्रेने एकाच वेळी दोन कामं होतात. साखळ्या एकमेकांना बांधल्या जाऊन जेल तयार होतं आणि आतले जंतूही मरतात. वेगळं रसायन घालावं लागत नाही, वेगळं निर्जंतुकीकरण करावं लागत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची हायड्रोजेल पट्टी विकसित केली, तंत्रज्ञान उत्पादकाला दिलं आणि ‘हायझेल’ नावाने ती बाजारातही आली. तुर्भ्यालाच वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड हा प्रकल्प १९७४ पासून आहे. वाशीला मसाल्यांसाठी आणि लासलगावला कांदा-आंब्यासाठी विकिरण केंद्रं आहेत. या तंत्रज्ञानाची माणसं, यंत्रं आणि अनुभव महाराष्ट्राइतके फार थोड्या राज्यांकडे असतील. कोबाल्टपासून मिळणारे हे गॅमा किरण कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून वापरता येतात, तर भाजलेल्या माणसाच्या पट्टीसाठी त्यांचा सार्वजनिक पातळीवर मोठा वापर करायला अडचण कोणती?

या विषयात हळदीचा उल्लेख टाळता येत नाही. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, लढून ते १९९७ साली रद्द करवलं. ती लढाई योग्यच होती आणि आपल्याला तिचा अभिमान वाटतो तोही रास्त आहे. माशेलकर स्वतः पॉलिमरचे शास्त्रज्ञ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःहून सांधल्या जाणाऱ्या जेलवर काम केलं, तिथेच शेतीसाठी पाणी धरून ठेवणारं ‘जलशक्ती’ हे पॉलिमरही तयार झालं. ज्ञानावरचा हक्क आपण परत मिळवला, जेलचं विज्ञानही आपल्याकडे उत्तम होतं. ज्या माणसाची जखम आहे त्याच्यापर्यंत यातलं काय पोचलं, हा प्रश्न तेवढ्याच जोराने विचारला गेला नाही. घरात आजही भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद लावली जाते. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली भाजलेला भाग धरावा, हा फुकटातला आणि सर्वांत गुणकारी उपाय बऱ्याच घरांना कुणी सांगितलेलाच नसतो.

आता पैशाचं बोलू, कारण आक्षेप तिथूनच येतो. गॉज स्वस्त आहे आणि जेलची पट्टी त्याच्या कितीतरी पट महाग, हे खरं. पण गॉज रोज किंवा दिवसाआड बदलावं लागतं आणि जेलची पट्टी, पाझर फार नसेल तर, दोन-तीन दिवस राहते. दर बदलाला सिस्टरचा वेळ, सलाईन, हातमोजे, वेदनाशामक गोळी. हा झाला दवाखान्याचा खर्च. रुग्णाचा खर्च तर कुठल्याच कागदावर येत नाही. वाडीवरची बाई मुलाचं ड्रेसिंग करायला तालुक्याला निघते तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत धरली तरी जाण्यायेण्याचा खर्च आहेच. सोबत कुणी मोठं माणूस आलं तर त्याचाही दिवस गेला. अशा दहा फेऱ्या झाल्या की ती येणं थांबवते. मग जखम चिघळते, सांध्याजवळची कातडी आखडते, मुलाची बोटं वाकडी होतात आणि काही वर्षांनी तेच मूल शस्त्रक्रियेसाठी मोठ्या रुग्णालयात दाखल होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचा भर दाखल होण्यावर आणि शस्त्रक्रियेवर आहे. ती शस्त्रक्रिया टाळणाऱ्या, बाहेरच्या बाकावर होणाऱ्या ड्रेसिंगला त्यात फारशी जागा नाही. गॉजच्या बंडलावर वाचवलेले पैसे आपण पुढे असे भरतो, आणि भरताना ते त्याच जखमेचे आहेत हे ओळखतही नाही.

जेलची तरफदारी करताना एक धोका मला सतत जाणवतो. पायाच्या जखमेला पट्टी हेच उत्तर आहे असा समज पसरला तर नुकसान होईल. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि मधुमेह्याला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. बधिर तळव्यावर माणूस त्याच जखमेवर पाय देत चालत राहिला तर जगातलं कुठलंही जेल ती भरू शकत नाही. हे ज्ञान कुष्ठरोगाच्या कामातून, याच देशातून आलं आहे. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णाच्या तळपायाची जखम कुष्ठजंतूंमुळे नव्हे, वेदना न कळल्यामुळे होते. पाय प्लास्टरमध्ये घालून भार सगळीकडे वाटला की वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरतात. हीच पद्धत त्यांनी पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात नेली आणि तिथून ती जगभरच्या मधुमेही रुग्णांसाठी वापरात आली. वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्या महाराष्ट्रात आहे, तिथे बधिर पाय कसा सांभाळायचा हे नव्याने शिकण्याची गरज पडू नये. म्हणून जेलच्या पट्टीबरोबर योग्य चपला, पायाची संवेदना तपासणारा १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा आणि तो वापरायला शिकलेली सिस्टर हवीच. आणि ज्या पायाचा रक्तपुरवठाच बंद पडलाय, काळी-कोरडी सडण झालीय, तिथे ओलावा देणं घातक ठरतं. भरपूर पाझरणाऱ्या जखमेवर जेल घातलं तर भोवतालची चांगली कातडी भिजून पांढरी पडते, तिथे जास्त पाझर शोषणारी अल्जिनेटची किंवा फोमची पट्टी लागते. हे सगळं दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नीट शिकवता येतं. गैरवापराच्या भीतीने पट्टीच न देणं मला पटत नाही. गॉजचा गैरवापर आपण रोज पाहतोच आहोत.

वैद्यकीय वस्तूंवर चढवल्या जाणाऱ्या थरांबद्दल मात्र माझा सूर वेगळा आहे. लघवीच्या नळीवर चांदीचा थर दिला की संसर्ग टळतो, असं सांगून महाग नळ्या विकल्या गेल्या. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, थोड्या काळासाठी घातलेल्या अशा नळीने संसर्गात म्हणावा असा काही फरक पडला नाही. नळी गरजेपुरतीच घालणं, वेळेवर काढणं आणि हात धुणं यांनीच फरक पडतो. स्वतः दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून घ्याव्या लागणाऱ्या कण्याच्या रुग्णाला पाण्याने निसरडा होणारा थर दिलासा देतो, त्याची गोष्ट निराळी. सांगायचं एवढंच की ‘जंतुरोधक’, ‘नॅनो’, ‘स्मार्ट’ ही विशेषणं छापलेली आहेत म्हणून जादा पैसे देऊ नयेत, आणि साध्या वस्तूला विशेषण नाही म्हणून ती नाकारू नये. चांदी घातलेलं जेलसुद्धा स्वच्छ, साध्या जखमेला लागत नाही.

मग करायचं काय? हृदयातला स्टेंट ही वस्तू आहे, औषध नव्हे. तरी २०१६ साली तो अत्यावश्यक यादीत आला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत त्याच्या किमतीवर मर्यादा आली. हे एकदा करता आलं तर जखमेच्या साध्या पट्ट्यांसाठीही करता येईल. २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आहेत, म्हणजे कायद्याची अडचण नाही. राज्याने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी २०२३ साली स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. त्या प्राधिकरणाने साधी, औषधविरहित हायड्रोजेल पट्टी आणि ट्यूबमधलं जेल ग्रामीण रुग्णालयांच्या यादीत घ्यावं. भाभा केंद्राचं तंत्रज्ञान कुणाही सक्षम उत्पादकाला द्यावं, म्हणजे मागणी वाढेल तसा दर खाली येईल. वैद्यकीय महाविद्यालयांनी चांदी-सोन्याच्या कणांच्या मागे लागण्याआधी एक साधी चाचणी करावी. जेलची पट्टी, पॅराफिनचं (मेणचट थर दिलेलं, सहसा न चिकटणारं) गॉज आणि केळीचं पान, तिन्ही समोरासमोर, आपल्या हवेत, आपल्या रुग्णांवर. त्यात केळीचं पान बरोबरीला आलं तर उत्तमच. मला जेलचा आग्रह नाही. चिकटणारं कोरडं गॉज जावं, हा आहे.

आणि खरेदीची पहिली निविदा निघेल तेव्हा तिच्यात दर मागावाच, पण दर ठरवताना एक जखम भरेपर्यंत किती पट्ट्या लागल्या आणि रुग्णाला किती फेऱ्या पडल्या हेही धरावं. ते आकडे आज कुणाकडे मिळणार नाहीत. ते मिळायचे तर प्रत्येक दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवावे लागतील. जखम भरल्याची तारीख, आणि पट्टी काढताना रुग्णाला किती दुखलं.